हात लावायचं परमिट

ता. १३ जुलै, रविवार, सकाळी ९ वाजून ४० मिनिटं. स्थळ, अमरावतीतल्या आमच्या घराचं अंगण. धक्के दोन, मधलं अंतर अंदाजे चाळीस सेकंद. हजर: मी, वय ५३, माझी पत्नी सुमन, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे रफिकभाई, ज्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे.

हे आकडे मी त्याच दुपारी दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या लिहून घेतले. सवय आहे. एकोणतीस वर्षं वीज कंपनीच्या उपकेंद्रात यंत्रचालक म्हणून काढली. दर तासाला मीटरचे आकडे रजिस्टरात चढवायचे, मग बाहेर वादळ असो की घरी लग्न. एक गोष्ट मात्र त्या दिवशी मी लिहिली नाही. दुसऱ्या धक्क्याच्या आधी, जमिनीवर आडवा पडलेलो असताना, सुमनचा आवाज स्पष्ट ऐकू आला होता.

"रफिकभाई, हात नका लावू त्याईले."

हे एक वाक्य मी तीन महिने छातीत घेऊन फिरलो. तिथं बसवलेल्या हृदयाच्या मशीनपेक्षा ते जड होतं. आता ते उतरलं आहे, आणि कसं उतरलं ते सांगायची मला इतकी घाई झाली आहे की आधीचं सगळं थोडक्यात उरकणार आहे. ज्या घरात कुणाच्या छातीत असं मशीन आहे, त्या घरातल्या नवरा-बायकोनं हे शक्यतो एकत्र बसून वाचावं.

मशीन

एप्रिलमध्ये ड्यूटीवर असताना रजिस्टरात दुपारी तीनचा आकडा टाकला आणि चारचा टाकायला मी शुद्धीवर नव्हतो. तपासण्या झाल्या. डॉक्टर मॅडम सरळ बोलणाऱ्या आहेत. त्यांनी सांगितलं, तुमच्या हृदयाचा जोर निम्म्याहून कमी झालाय, आणि कधी तरी ठोके अचानक बेफाम सुटतील. त्या वेळी आतून एक धक्का देऊन ते जागेवर आणणारं यंत्र बसवावं लागेल. आयसीडी म्हणतात त्याला. आमच्या घरात त्याचं नाव मशीनच पडलं.

डाव्या कॉलरबोनखाली काडेपेटीहून थोडी मोठी डबी. खरं सांगतो, मला ते आवडलं. फीडरवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या लाईनवर, दोष आला की ब्रेकर आपोआप ट्रिप होतो आणि पुढचं नुकसान टळतं, तसंच हे. आपल्या ओळखीचं काम आहे, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातले सहकारी भेटायला आले. त्यातला ठाकरे हा जुना गमत्या माणूस. तो सुमनला म्हणाला, "वहिनी, आता साहेब चालू लाईन झाले. हात लावायच्या आधी परमिट घेत जा."

सगळे हसले. मी तर टाके दुखेपर्यंत हसलो, वर म्हणालो, "हो, आणि रबरी चपला घालून ये."

सुमन हसली नाही. ती मोसंबी सोलत होती, ती सोलत राहिली. त्या खोलीतल्या सहा माणसांपैकी पाच हसले आणि एक हसलं नाही, हा आकडा मला तेव्हाच टिपायला हवा होता.

जमिनीवरून

जुलैत ते झालं. मी गाडी पुसत होतो. डोकं हलकं झालं आणि मग छातीत आतून कुणी घण घातला. दुखणं असं नाही म्हणता येत, दुखायला वेळच मिळत नाही. मी पडलो. डोळे उघडे होते. भिंतीवरून उडी मारून रफिकभाई आले, त्यांच्या चपला माझ्याकडे धावत येताना दिसल्या. मग सुमनचं ते वाक्य, आणि त्या चपला तिथंच थांबल्या. एक पाऊल मागेही गेल्या. मग दुसरा धक्का. त्यानंतर रफिकभाईंनीच मला उचललं. सुमन ओट्यावर उभी होती. तिच्या हातात लाटणं होतं. पोळ्या करता करता आली असेल, असं मी धरून चाललो.

दवाखान्यात मशीन वाचलं. वाचतात म्हणजे छातीवर एक माउससारखं यंत्र ठेवतात आणि आतली सगळी नोंद संगणकावर येते. दोन्ही वेळा ठोके खरंच बेफाम होते. मशीननं दोन्ही वेळा मला वाचवलं. औषधं वाढवली आणि घरी पाठवलं.

जीव वाचल्याचा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवसापासून मी फक्त पुढच्या धक्क्याची वाट पाहू लागलो.

माझं रजिस्टर

दर तासाला नाडी. दोनशे पानी वही आणली, रकाने आखले. तारीख, वेळ, ठोके, शेरा. ऑफिसनं मला उपकेंद्रातून काढून बिलांच्या टेबलावर बसवलं होतं, कारण मोठ्या यंत्रांजवळ असं मशीन नेणं बरं नव्हे. तिथंही मी टेबलाखाली मनगट धरून बसायचो. अंगणात गाडी उभी होती त्या फरशीवर पाय ठेवणं सोडलं. एकदा आंघोळ करताना छाती धडधडली तेव्हापासून दाराची कडी लावणं सोडलं. जिना सोडला. मोठ्यानं हसणं पण सोडलं, हे रफिकभाईंनी दाखवून दिलं.

"भाऊ, तुमी आधी जोक पुरा व्हायच्या आधी हासत होते. आता जोक संपल्यावर नाडी पायता."

ऑगस्ट ते ऑक्टोबर मला आणखी तीन धक्के आले. तिन्ही झोप लागता लागता. अंग उडायचं, घाम फुटायचा. मी वेळ टाकून शेऱ्यात लिहायचो: धक्का क्र. ३, धक्का क्र. ४, धक्का क्र. ५. दवाखान्यात कळवलं नाही. कळवलं तर पुन्हा खाटेवर टाकतील, ही भीती. सुमनलाही सांगितलं नाही. जी बाई म्हणते हात लावू नका, तिला काय सांगायचं?

आणि सुमनचं वागणं माझ्या हिशोबाला रोज नवा पुरावा देत होतं. ती दुसऱ्या खोलीत झोपू लागली. म्हणाली, तुमाले आराम पडते. चहाचा कप हातात न देता स्टुलावर ठेवायची. रविवारी डोक्याला तेल लावून द्यायची, ते बंद. पंचवीस वर्षं जिनं देवघराच्या पुढं चप्पल येऊ दिली नाही, ती घरभर रबरी चपला घालून फिरू लागली. मी विचारलं तर म्हणे टाचा दुखतात. उपकेंद्रात पॅनलसमोर टाकतात त्या रबरी मॅटचा तुकडा माझ्याकडून मागून घेतला आणि न्हाणीत टाकला. मला वाटलं, घसरू नये म्हणून.

दारातून पाहिलेली नात

आमची एकुलती एक मुलगी पल्लवी अकोल्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. खोली रंगवून तयार होती. ऑगस्टअखेर ती यायची होती. सुमननं परस्पर तिच्या सासूला फोन करून सांगितलं, यंदा आमच्याकडे जमणार नाही, तिकडेच करा.

पल्लवी मला फोनवर म्हणाली, "बाबा, आईले मी नको झाली का?"

मी सुमनला विचारलं. ती भांडी घासत होती. "तुमचं पाहू का तिचं पाहू? दोन हात हायेत मले."

मला वाटलं, खरं कारण वेगळं आहे. मी ओझं झालोय, आणि माझ्यापायी पोरीचं माहेर गेलं. त्या दिवशी वहीत शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही, फक्त रेघ मारली.

२७ सप्टेंबरला नात झाली. आम्ही अकोल्याला गेलो. दवाखान्याच्या खोलीत सुमन पुढं, मी मागं. मी दारात पोचलो आणि सुमननं वळून हात आडवा केला. मला न लागेल असा, हवेतच.

"तुमी तिथूनच पाहा. लहान जीव हाये."

पल्लवी म्हणाली, "आई, बाबांना घेऊ दे नं."

"दारातूनच पाहू दे म्हटलं नं. नजर लागते का दारातून?"

बाळाला पहिल्यांदा पाहिलं की हातावर पैसे ठेवतात. सुमननं एकशे एक रुपये ठेवले आणि म्हणाली, हे दोघांचे मिळून. मी दारातून म्हणालो, "नाही. ते तुझे. माझे मी देईन."

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो आणि मूर्तिजापूरपर्यंत एक शब्द बोललो नाही. मूर्तिजापूरनंतर ती एवढंच म्हणाली, "जिवणी तुमच्यावर गेली." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. ती बाळाच्या जिवणीबद्दल बोलत होती, म्हणजे ओठांबद्दल. मी ते ओठ पाहिलेच नव्हते. दारातून फक्त टोपडं दिसलं होतं.

पाच की दोन

१६ ऑक्टोबर, गुरुवार. तीन महिन्यांची तपासणी. मी वही घेऊन गेलो. डॉक्टर मॅडमनी मशीन वाचलं आणि म्हणाल्या, "छान. जुलैनंतर एकही धक्का नाही."

मी म्हणालो, "तीन आहेत."

"मशीनमध्ये दोनच आहेत, आणि दोन्ही जुलैचे."

"माझ्या रजिस्टरात पाच आहेत." मी वही उघडून तारीख, वेळ दाखवली.

एकोणतीस वर्षांत मीटर आणि रजिस्टर जुळलं नाही असं माझ्याकडे क्वचितच झालं असेल, आणि झालं तेव्हा मीटर बिघडलेलं निघालं होतं. मी त्यांना तसं सांगितलंही. त्यांनी वाद घातला नाही. वहीची पानं एकेक करून उलटली. मग म्हणाल्या, "तुम्हाला ते जाणवले, यात खोटं काही नाही. पुष्कळांना होतं हे. खरा धक्का एकदा बसला की शरीर पुढच्याची इतकी वाट पाहतं की झोपेच्या तोंडाशी स्वतःच तो देऊन टाकतं. हृदय बरं आहे तुमचं. घाबरलेला माणूस बरा व्हायचा आहे."

घाबरलेला माणूस. मला आधी राग आला. मग इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. मला कुणी तरी मोजलं होतं, आणि बरोबर मोजलं होतं.

मग त्यांनी खुर्ची वळवली. माझ्याकडे पाठ, सुमनकडे तोंड. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"आणि तुमचं कसं चाललंय?"

"माह्यं काय, मी बरी हाये."

"एप्रिलमध्ये तुम्ही यांच्यासोबत आलात तेव्हा या साडीचा ब्लाऊज अंगाला बसत होता. आता सैल झालाय. वजन करा बरं."

काटा बाजूलाच होता. एप्रिलमध्ये गंमत म्हणून दोघांनी वजन केलं होतं, तो आकडा मला पाठ होता. सहा किलो कमी. तासातासाला स्वतःची नाडी मोजणाऱ्या माणसाला शेजारच्या माणसाचं सहा किलो उतरलेलं दिसलं नव्हतं.

काट्यावरून उतरायला डॉक्टरांनी तिला हात दिला. तो धरून सुमन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी याईले हात लावता तवा तुमाले भेव नाई वाटत?"

"कसलं?"

"करंटचं."

कूलरचा नियम

इथं मला तेवीस वर्षं मागं जावं लागेल. तेव्हा आम्ही चांदूर रेल्वेला कंपनीच्या क्वार्टरमध्ये होतो. उन्हाळा होता. शेजारच्या हेल्परला कूलरमध्ये पाणी भरताना करंट लागला, तो पत्र्याला चिकटला. त्याची बायको धावली आणि तिनं त्याचा हात धरला. दोघंही गेले. सुमननं आणि मी पाहिलं ते.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झाला. दर उन्हाळ्यात माळ्यावरून कूलर काढला की पाणी भरायच्या आधी मी सुमनला आणि पल्लवीला समोर उभं करून विचारायचो, माणसाला करंट लागला तर काय करायचं? दोघी म्हणून दाखवायच्या: हात लावायचा नाही. रबरी चप्पल घालायची. मेन बंद करायचा. कोरड्या लाकडानं ढकलायचं. दुसऱ्यालाही हात लावू द्यायचा नाही. एखादी पायरी चुकली तर मी कूलर चालू करत नसे. आजूबाजूचे हसायचे. पल्लवी सासरी जाईपर्यंत ही उजळणी चुकली नाही.

डॉक्टरांच्या खोलीत सुमन ते सगळं बोलून गेली. लाटणं पोळ्यांचं नव्हतं. पहिला धक्का बसलेला पाहून ती कोरडं लाकूड आणायला आत धावली होती, हाती लाटणं लागलं. रफिकभाई मला शिवणार म्हणून ती ओरडली. मेन बंद करायचा राहिला, कारण, ती म्हणाली, "याईचा मेन कुठं हाये ते मले कोनी सांगतलंच नाई."

मग ती माझ्याकडे वळली. "तुमी पडले होते आन् म्या लाटणं धरून उभी होती. ढकलू कुठं? करंट त तुमच्या आतच. तुमीच त म्हटलं होतं, रबरी चपला घालून ये. पोटुशी पोरगी त्या घरात कशी आनू मी? दोन दिवसाचं लेकरू तुमच्या हाती कशी देऊ?"

मीच शिकवलेला धडा तिनं एकही पायरी न चुकवता म्हणून दाखवला होता. आणि तीन महिने मी त्याचा अर्थ लावत होतो, की मी तिला नकोसा झालो.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ताई, नीट ऐका. हे मशीन आतल्या आत काम करतं. यांचा हात धरलेला असताना धक्का आलाच, तर तुम्हाला फार तर झिणझिणी येईल. इजा होत नाही. तुम्हाला नाही, आणि बाळालाही नाही. हे आम्ही पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. विचारलं कुणी नाही, आणि सांगायचं आमच्याकडून राहिलं."

सुमननं ते ऐकलं. मान हलवली. पण माझ्या हाताकडे पाहिलं आणि आपला हात पदराखाली घेतला. तेवीस वर्षांचा धडा एका वाक्यानं पुसत नाही.

परमिट

मॅडमनी आम्हाला समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. दर शुक्रवारी, दोघांनी मिळून यायचं. त्यांनी सांगितलं, हात धरा. आधी थोडा वेळ, मग जास्त. मला माझी वही तासाऐवजी दिवसातून एकदाच उघडायला सांगितली.

वही रिकामी राहणं मला सोसेना. तेव्हा मला सुचलं. उपकेंद्रात लाईनवर काम करायचं असलं की वायरमन माझ्याकडे परमिट मागतो. मी वेळ टाकतो, तो सही करतो. काम झालं की ज्यानं घेतलं त्यानंच ते परत करायचं. तोवर मंत्र्याचा फोन आला तरी मी बंद केलेली लाईन चालू करत नाही. मी वहीच्या मागच्या बाजूनं नवे रकाने आखले. घेणार, वेळ, परत केल्याची वेळ, सही.

सुमन म्हणाली, "हे काय पोरखेळ लावला?"

"तू घे तर."

परमिट क्र. १, घेणार सौ. सुमन, सायंकाळी ६:१०, परत ६:११. एक मिनिट. तिनं दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली होती, तीही चपला घालून. क्र. २, तीन मिनिटं. क्र. ४ ला तिनं चपला काढल्या. पाडव्याला ओवाळताना माझ्या कपाळाला टिळा लावला, ते क्र. ६, तिथं ती घाबरलीही नाही, कारण रीतीच्या घाईत ती विसरून गेली. नंतर आठवलं तेव्हा ताट खाली ठेवून बसली. क्र. ११ ला डोक्याला तेल. क्र. १४ ला ती पुन्हा आमच्या खोलीत झोपायला आली, आणि त्या परमिटची परत केल्याची वेळ मला टाकता आली नाही, कारण मला झोप लागली होती. झोपेच्या तोंडाशी येणारा तो धक्का पुन्हा कधी आलाच नाही.

ठाकरेला मी हे सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तो घरी येऊन सुमनला म्हणाला, "वहिनी, माहं तोंडच वाईट हाये."

"भाऊजी, तोंड नाई, तुमचा टाईम वाईट व्हता," सुमन म्हणाली आणि त्याला चहा दिला.

पण एक गोष्ट राहिली होती. सवा महिन्यानंतर, १६ नोव्हेंबरला अकोल्याला बारसं होतं. सुमन स्वतः माझा हात धरू लागली होती. बाळाबद्दल विचारलं की मात्र म्हणायची, "माह्यं मी पाहीन. तिचं नाई." मीही आग्रह धरला नाही. दारातून पाहीन, असं ठरवलं.

बडनेरा ते अकोला

बडनेऱ्याहून गाडी सुटली तेव्हा १०:१२ झाले होते. सुमननं माझा डावा हात आपल्या मांडीवर घेतला. "लिहा. बडनेरा ते अकोला." परमिट क्र. २३. मी वेळ टाकली, तिनं धावत्या गाडीत वाकडीतिकडी सही केली. समोरच्या बाकावर भाजीची टोपली घेतलेली एक म्हातारी बाई हे सगळं बघत होती.

मूर्तिजापूर यायचं होतं. १०:५२ ला डोकं हलकं झालं. ओळखीचं. मी एवढंच म्हणू शकलो, "सुमन, सोड."

तिनं सोडला नाही. उलट दुसऱ्या हातानं घट्ट धरला. आणि घण बसला.

डोळे उघडले तेव्हा मी बसलेलोच होतो. सुमन आपला तळहात उलटसुलट करून पाहत होती.

"तुला लागलं का?" मी विचारलं.

"कोपर आपटल्यावर मुंग्या येते नं, तसं," ती म्हणाली. "तेही अर्धं." मग माझ्याकडे पाहून, "एवढ्याशासाठी म्या तीन महिने घरात चपला घातल्या?"

आणि ती हसायला लागली. डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. आधी मी नाडी पाहिली, ती नीट होती. मग मीही मोठ्यानं हसलो, जुलैनंतर पहिल्यांदा.

समोरची बाई म्हणाली, "काय झालं वो बाई?"

"काई नाई मावशी. याईच्या छातीतल्या मशीननं धक्का मारला."

"मंग तू हासून काहून राहिली?"

"मलेबी लागला नं," सुमन म्हणाली.

डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद खिशात होता: एक धक्का आणि नंतर बरं वाटलं, तर फोन करा, दोन आले किंवा बरं वाटलं नाही, तर जवळच्या दवाखान्यात ताबडतोब. फोन केला. मॅडमनी चार प्रश्न विचारले, सुमनलाही दोन विचारले. अकोल्याला जाऊन शांत बसा, उद्या येऊन मशीन दाखवा, म्हणाल्या. पल्लवीलाही लगेच कळवलं. काही लपवायचं नाही हे आमचं ठरलं होतं. ती रडायला लागली तर सुमननं फोन घेतला. "रडू नको. म्या धरून होती त्याईले. आमी येऊन राहिलो. घुगऱ्या झाल्या का?"

अकोला आलं तसं मी वही काढली. "परत कर. अकोला आलं."

"मी नाई करत परत," सुमन म्हणाली. "ज्यानं घेतलं त्यानंच करा लागते नं? मंग राहू द्या तसंच."

नियमानं परमिट बंद लाईनवर देतात. हे चालू लाईनवर होतं आणि अजून परत आलेलं नाही. वरिष्ठांनी पाहिलं तर मला नोटीस काढतील.

अदा

पाळण्याभोवती बायका जमल्या. आत्यानं कानात नाव सांगितलं. रेवा. मी सवयीनं दारात उभा होतो. सुमननं पाळण्यातून बाळ उचललं आणि सगळ्यांमधून वाट काढत थेट माझ्याकडे आली.

पल्लवी म्हणाली, "आई, तू देऊन राहिली?"

"बसा खाली," सुमन मला म्हणाली. "दोन्ही हातानं धरा. मानेखाली हात. चार वर्षाची होईपर्यंत पल्लवीले उचलून फिरत होते, आता भेऊन काहून राहिले?"

मी भीत होतो, हे खरं. माझ्या छातीला, बरोबर मशीनच्या जागी, तिचं डोकं टेकलं. सुमननं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथंच ठेवला. आणि मी पहिल्यांदा ते ओठ पाहिले. माझ्यावर गेले आहेत.

दुसऱ्या दिवशी मशीन वाचलं. माझ्या रजिस्टरात एक, मशीनमध्ये एक. जुळलं. पल्लवी बाळाला घेऊन डिसेंबरात माहेरी यायची आहे. खोलीचा रंग अजून नवा आहे.

बारशाच्या दिवशी दिलेली रक्कम: रुपये एकशे एक. कुणाला, तर कु. रेवा हिला, उजव्या मुठीत, माझ्या हातानं. एक रुपयाचं नाणं सुमननं लगेच काढून घेतलं. शंभराची नोट मात्र रेवानं मुठीतून सोडली नाही.